मुळांवरच्या गाठी आणि प्रतिकारक वाण: बेळगाव-खानापूर-निपाणी भागातील नव्या भाजीपाला उत्पादकांसाठी

बेळगाव तालुक्याच्या उचगाव, कडोली, येळ्ळूर या बाजूला नव्याने भाजीपाला करू लागलेल्या शेतकऱ्यांची एक तक्रार मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. लागण वेळेवर होते, खत-पाण्यात कसूर नसते, तरीही टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या प्लॉटमध्ये ठिकठिकाणी झाडे खुजी राहतात, दुपारी माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा सावरतात आणि फळे धरण्याच्या ऐन वेळी पिवळी पडू लागतात. मग दुकानातून कधी बुरशीनाशक येते, कधी सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी येते, आणि दोष मात्र जमिनीखाली मुळांत तसाच राहतो. त्या मुळांत राहणाऱ्या सूत्रकृमीला (धाग्यासारख्या अतिसूक्ष्म किड्याला) झाडाने स्वतःच अडवावे, यासाठी निवडलेल्या वाणांविषयी आणि खुंटांविषयी (ज्यांच्या मुळांवर कलम बांधतात त्या झाडांविषयी) हा लेख आहे. माझे मत आधीच नोंदवतो: प्रतिकारक वाणाचा मोठा लाभ त्याच हंगामात नव्हे, तर त्याच्यामागून येणाऱ्या पिकाला मिळतो, आणि तो मिळवायचा असेल तर पुढील पायऱ्या क्रमाने कराव्या लागतात.

पहिली पायरी: मूळ पाहणे

झाड हाताने उपटू नये, कारण गाठी धरलेली बारीक मुळे जमिनीतच तुटून राहतात आणि हातात येते ते स्वच्छ सोटमूळ. खुरप्याने किंवा कुदळीने वीतभर अंतरावरून माती सैल करावी, गड्ड्यासह झाड उचलावे आणि बादलीभर पाण्यात हलकेच बुडवून माती सुटू द्यावी. सूत्रकृमी असेल तर मूळ माळेसारखे दिसते: मध्येच फुगलेले, पुन्हा बारीक, पुन्हा फुगलेले, आणि फार जुन्या लागणीत गाठी एकमेकींत मिसळून आल्याच्या गड्ड्यासारख्या झालेल्या. अशी एक गाठ नखाने हळूच फोडून साध्या भिंगाखाली धरली, तर आत टाचणीच्या टोकाएवढा, मोत्यासारखा चमकणारा पांढरा कण दिसतो. ती मादी. गाठीच्या बाहेरच्या अंगाला तपकिरी डिंकाचा थेंब लागलेला दिसतो, त्यात तिची अंडी असतात. एका मादीची अंडी काही शेकडा भरतात, आणि जमिनीचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असेल तर अंड्यापासून नव्या मादीपर्यंतचा फेरा साधारण २५ ते ३० दिवसांत पुरा होतो. चार महिन्यांच्या टोमॅटोत असे तीन-चार फेरे सहज होतात, म्हणून लागणीच्या वेळी नगण्य वाटणारी संख्या शेवटच्या तोडणीपर्यंत सगळा वाफा व्यापते.

वाटाणा, घेवडा आणि भुईमूग करणाऱ्यांनी येथे एक घोळ टाळला पाहिजे. कडधान्यांच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्याही गाठी असतात आणि त्या पिकाच्या भल्याच्या असतात. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, अंगठ्याने घासल्यावर सुटून येतात आणि कापल्यास आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मूळच फुगलेले असते. मूळ तोडल्याशिवाय ती वेगळी होत नाही. बटाट्याच्या सालीवर मात्र हीच कीड चामखिळीसारखे उंचवटे आणते, आणि रताळ्याला बहुधा उभ्या भेगा पडतात.

दुसरी पायरी: कोणता सूत्रकृमी, हे विचारणे

गाठी दिसल्या म्हणजे शत्रू ओळखला, असे होत नाही. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचे कूळ मेलॉइडोगायनी. त्यातील इनकॉग्निटा, जावानिका, अरेनारिया, हापला आणि एन्टेरोलोबी या जाती मुळाकडे पाहून वेगळ्या ओळखता येत नाहीत, पण प्रतिकारक वाण निवडताना याच फरकावर सगळे अवलंबून असते. टोमॅटोतील प्रसिद्ध प्रतिकारक जनुक पहिल्या तीन जातींविरुद्ध चालतो; हापला आणि एन्टेरोलोबी यांच्यापुढे तो निरुपयोगी ठरतो. एन्टेरोलोबी ही जात भारतात पेरूच्या बागांत आढळलेली आहे, म्हणून पेरूची बाग काढून त्या जागी टोमॅटो घेणाऱ्याने जातीची खातरजमा केल्याशिवाय वाणावर विसंबू नये. भुईमुगाचेही तसेच आहे: जमिनीत इनकॉग्निटा असेल तर भुईमूग तिला खाऊ घालत नाही आणि फेरपालटीला उत्तम ठरतो, परंतु अरेनारियाचा भुईमुगावर जगणारा वंश असेल तर तीच फेरपालट किडीला पोसते.

नमुना घेताना पूर्ण वाळलेल्या झाडाखालची माती घेऊ नये, कारण मेलेल्या मुळाजवळ सूत्रकृमी थांबत नाही. पिवळ्या पडलेल्या चकंदळाच्या कडेला, अजून जिवंत असलेल्या झाडांच्या मुळांजवळून, १५ ते २० सेंटीमीटर खोलीवरची माती पंधरा-वीस ठिकाणांहून नागमोडी चालत गोळा करावी, एकत्र मिसळून अर्धा किलो ठेवावी आणि सोबत मूठभर गाठाळलेली मुळे घ्यावीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ती सावलीत ठेवावी. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तापलेल्या नमुन्यातील सूत्रकृमी मरतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो. नमुना कोठे पाठवावा याची विचारणा आपल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात, मत्तिकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात, अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात किंवा धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात करता येते. अर्जात 'सूत्रकृमी आहे का' एवढेच न लिहिता 'कोणत्या जातीचा आहे' असे स्पष्ट विचारावे.

अहवाल येईपर्यंत घरीही एक चाचणी करता येते. शेताच्या चार-पाच कोपऱ्यांतील माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरावी, प्रत्येकीवर जागा लिहावी, आणि पुसा रुबीसारख्या गाठींना हमखास बळी पडणाऱ्या टोमॅटोची रोपे प्रत्येकीत दोन-तीन लावावीत. सहा आठवड्यांनी मुळे धुऊन गाठी मोजाव्यात. जात यातून कळत नाही, पण शेताचा कोणता भाग दूषित आहे आणि किती, हे नकाशासारखे समोर येते.

तिसरी पायरी: प्रतिकार म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे

अंड्यातून बाहेर पडलेले, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान पिल्लू मुळाच्या टोकातून आत शिरते आणि एका जागी डोके रोवून भोवतालच्या काही पेशींना आपल्या लाळेने बदलते. त्या पेशी विभागल्या न जाता फुगत जातात. त्यांना महाकाय पेशी म्हणतात, आणि पुढचे सगळे आयुष्य सूत्रकृमी त्याच ताटातून जेवतो. त्याला जागा बदलता येत नाही, आणि प्रतिकारक झाड नेमका याचाच फायदा घेते. पिल्लू आत येते, परंतु त्याची चाहूल लागताच त्याच्या डोक्याभोवतीच्या पेशी एक-दोन दिवसांत स्वतःहून मरतात, ताट मिळत नाही आणि पिल्लू उपाशी राहते. म्हणजेच प्रतिकारक झाड सूत्रकृमीला दाराबाहेर ठेवत नाही, घरात घेऊन उपाशी मारते. जमिनीतील पिल्लांची संख्या त्यामुळे घटते, आणि पुढच्या पिकाला होणारा लाभ तो हाच.

सहनशील वाण ही वेगळी गोष्ट आहे. ते गाठी सोसूनही बऱ्यापैकी उत्पादन देते, पण त्याच्या मुळांवर अंडी भरपूर तयार होतात आणि पुढचे पीक त्याची किंमत मोजते. वाण विकताना हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. म्हणून विक्रेत्याला 'पीक तग धरेल का' असे न विचारता 'मुळांवर अंडी वाढतात का' असे विचारावे.

टोमॅटोतील ज्या जनुकाचा वर उल्लेख केला, त्याचे नाव एम-आय. १९४० च्या दशकात पेरूच्या रानटी टोमॅटोत (फळाचा पेरू नव्हे, दक्षिण अमेरिकेतील देश) ही ताकद आढळली, पण लागवडीच्या टोमॅटोशी त्याचा संकर केला की बीज तयार होण्याआधीच गर्भ मरत असे. १९४४ मध्ये अमेरिकेतील पी. जी. स्मिथ यांनी तो कोवळा गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवला आणि संकर हाती आला. आजच्या प्रतिकारक टोमॅटो वाणांतील एम-आय जनुक बहुतांशी त्याच एका संकरापासून आलेला आहे. १९९८ मध्ये हा जनुक वेगळा काढण्यात आला, आणि तोच काही प्रमाणात मावा व पांढऱ्या माशीलाही विरोध करतो असे दिसून आले. जगभरचे प्रतिकारक टोमॅटो एकाच जनुकावर उभे आहेत ही मला काळजीची बाब वाटते; त्याची जपणूक का करावी हे पुढे येईलच.

चौथी पायरी: पाकीट वाचणे आणि वाण निवडणे

संकरित बियाण्यांच्या पाकिटावर रोगप्रतिकार अक्षरांत लिहिलेला असतो. 'व्ही', 'एफ' आणि 'एन' अशी अक्षरे असल्यास त्यातील 'एन' सूत्रकृमीसाठी असते; नव्या पद्धतीत 'एम-ए, एम-आय, एम-जे' असे लिहून अरेनारिया, इनकॉग्निटा व जावानिका या तीन जाती दाखवतात (पाकिटावरचे हे 'एम-आय' म्हणजे इनकॉग्निटा जात, वर सांगितलेला जनुक नव्हे). सोबत 'एच-आर' म्हणजे उच्च प्रतिकार किंवा 'आय-आर' म्हणजे मध्यम प्रतिकार असे असते. आपल्याकडे पाने मुरडणाऱ्या विषाणूच्या भीतीने 'टी-वाय' लिहिलेले वाण हौसेने घेतले जातात; ती अक्षरे विषाणूसाठी आहेत, सूत्रकृमीसाठी नाहीत, आणि एकाच्या असण्यावरून दुसऱ्याचे अनुमान काढू नये.

सार्वजनिक संशोधन संस्थांच्या वाणांत हिसारच्या कृषी विद्यापीठाचा हिसार ललित आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा १२० हे सरळ वाण गाठी सूत्रकृमीला प्रतिकारक म्हणून ओळखले जातात. सरळ वाणाचे बी टोमॅटोत स्वतः धरून ठेवता येते, कारण टोमॅटोत परपरागीभवन फार थोडे होते. संकरित वाणाचे तसे नाही. एम-आय हा प्रभावी जनुक असल्याने संकरात त्याची एकच प्रत असली तरी झाड प्रतिकारक राहते, परंतु अशा झाडाच्या फळातील बी पेरल्यास सरासरी चार रोपांतील एकाला तो जनुक मिळतच नाही. घरचे बी धरून 'वाण बिघडले' म्हणणाऱ्यांच्या प्लॉटमध्ये बहुधा हेच झालेले असते.

रताळे हे बेळगावच्या पश्चिम पट्ट्याचे महत्त्वाचे पीक, म्हणून तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेच्या श्री भद्रा या वाणाची ओळख अवश्य करून घ्यावी. सूत्रकृमीची पिल्ले त्याच्या मुळांत शिरतात, पण तेथे वाढू शकत नाहीत, त्यामुळे हे वाण सापळा पीक म्हणून वापरता येते. बटाट्याबाबत उलट सावध करावे लागते. कुफरी स्वर्णा हे वाण सूत्रकृमी-प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध आहे, पण तो प्रतिकार निलगिरीत १९६१ मध्ये सापडलेल्या पुटी सूत्रकृमी या वेगळ्या सूत्रकृमीविरुद्धचा आहे. आपल्याकडच्या गाठींवर त्याचा उपयोग नाही. खानापूरच्या भातातील सूत्रकृमीही निराळा, ग्रॅमिनिकोला नावाचा. त्याने मुळाचे टोक आकड्यासारखे वळते. त्याच्याविरुद्धचा भक्कम प्रतिकार मुख्यतः आफ्रिकन भातात सापडला आहे, म्हणून तूर्त निरोगी तरवा (भाताची रोपे) आणि खाचरात पाणी उभे ठेवणे यांवरच भर द्यावा.

पाचवी पायरी: लागणीची वेळ जमिनीच्या तापमानावर ठरवणे

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. पहिल्यांदा प्रतिकारक टोमॅटो मी मार्चच्या मध्यावर लावला, त्यावर काळा मल्चिंग पेपर पसरला, आणि मेमध्ये झाड काढून पाहतो तर मुळे गाठींनी भरलेली. बियाणे खोटे निघाले असे मी चार जणांना सांगितले. पुढच्या वर्षी तेच वाण जुलैत, त्याच वाफ्यात लावले आणि मुळे स्वच्छ निघाली. एम-आय जनुकाचे काम जमिनीचे तापमान २८ अंशांच्या वर गेल्यावर मंदावू लागते, आणि ३२-३३ अंशांच्या आसपास प्रतिकारक झाड जवळपास साध्या झाडासारखेच बळी पडते. बियाणे खरे होते; मीच त्याला तापलेल्या जमिनीत उभे केले होते.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि पावसाळ्यात व हिवाळ्यात येथील जमीन एम-आयला मानवते; अथणी, रायबाग, गोकाक या बाजूला उन्हाळा कडक असल्याने ही मुदत आखूड होते. मातीचा तापमापक १० ते १५ सेंटीमीटर खोल खुपसून दुपारी दोन-तीनच्या सुमारास आठवडाभर नोंदी घ्याव्यात. तापमान २८ च्या पुढे जात असेल तर काळ्या पेपरऐवजी उसाचे पाचट किंवा भाताचे काड अंथरावे, आणि रोपे लहान असताना जमीन कोरडी पडू देऊ नये. तरीही तापमान उतरत नसेल, तर त्या हंगामात प्रतिकारक वाण खर्ची घालू नये.

सहावी पायरी: जेथे वाण नाही तेथे खुंट

वांग्याच्या आपल्या आवडीच्या स्थानिक वाणांत भरवशाचा प्रतिकार सहसा मिळत नाही, पण सोलॅनम टॉर्वम या काटेरी रानवांग्याची मुळे गाठी सूत्रकृमीला दाद देत नाहीत आणि जिवाणूजन्य मर रोगालाही चांगली टक्कर देतात. त्यावर आपल्या वांग्याचे कलम बांधले की वर फळ आपले, खाली मूळ रानटी, अशी जोडी जमते. अडचण एकच: टॉर्वमचे बी उशिरा आणि मागेपुढे उगवते, म्हणून ते वांग्याच्या बियाआधी तीन-चार आठवडे टाकावे लागते. दोन्ही खोडांची जाडी सारखी झाल्यावर तिरका छेद देऊन क्लिपने जोडावे आणि आठवडाभर दमट, सावलीच्या जागेत ठेवून हळूहळू उन्हाची सवय करावी. लागणीत जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेला तर वरच्या वांग्याला मुळे फुटतात आणि सूत्रकृमीला वाट मिळते. खुंटावर फुटणारे धुमारे दिसताच खुडावेत.

अथणीच्या द्राक्षबागायतदारांना हे तत्त्व नवे नाही. डॉगरिज खुंट त्यांनी बहुधा क्षार आणि पाणीटंचाईसाठी स्वीकारला, पण गाठी सूत्रकृमीला तोंड देण्याची त्याची ताकदही त्यांच्या कामी येते.

सातवी पायरी: साक्षीदार झाडे

प्रतिकारक वाणाच्या प्लॉटमध्ये प्रत्येक दूषित कोपऱ्यात साध्या वाणाची तीन-चार रोपे खुणेची काठी रोवून मुद्दाम लावावीत. त्यांच्याशिवाय प्रतिकारक वाणाच्या स्वच्छ मुळांचा अर्थ लागत नाही, कारण त्या जागी सूत्रकृमीच नसेल तर कोणतेही मूळ स्वच्छ निघेल. लागणीनंतर ४५ ते ६० दिवसांनी दोन्ही प्रकारची काही झाडे काढून गाठी मोजाव्यात आणि गुण द्यावेत: गाठ नसल्यास ०, एक-दोन असल्यास १, तीन ते दहा असल्यास २, अकरा ते तीस असल्यास ३, एकतीस ते शंभर असल्यास ४, त्याहून अधिक असल्यास ५. साक्षीदार ४-५ आणि प्रतिकारक ०-१ असेल तर वाण काम करत आहे. दोघेही ४-५ असतील तर आधी तापमानाची वही पाहावी, मग पाकीट, आणि दोन्ही ठीक असल्यास सूत्रकृमीच्या जातीचा अहवाल पुन्हा मागवावा. मोजणी होताच साक्षीदार झाडे मुळांसकट काढून टाकावीत, नाहीतर तीच अंड्यांची कोठारे होतात.

आठवी पायरी: प्रतिकार दरवर्षी न वापरणे

इनकॉग्निटाची मादी नराशिवाय अंडी घालते, त्यामुळे जनुकाला हुलकावणी देणारी एक मादी निपजली तरी तिची सगळी पिल्ले तशीच निघतात. एम-आयचे टोमॅटो त्याच जमिनीत वर्षानुवर्षे घेतल्यामुळे असे सूत्रकृमी अनेक देशांत तयार झाले आहेत. निपाणी भागातील वाचकांना तंबाखूचे उदाहरण जवळचे वाटेल. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून एन-सी ९५ हे प्रतिकारक तंबाखू वाण आणि त्याचाच जनुक असलेली पुढची वाणे सर्वत्र लावली गेली. तो जनुक इनकॉग्निटाच्या काही वंशांपुरता होता. ते वंश मागे पडले आणि त्यांच्या जागी जावानिका व अरेनारिया पसरल्या. जमीन रिकामी राहिली नाही, भाडेकरू बदलला.

म्हणून मी सुचवतो ती मांडणी अशी. दूषित वाफ्यात पहिल्या वर्षी प्रतिकारक टोमॅटो किंवा टॉर्वमवरचे वांगे घ्यावे. त्यामागून किडीला न पोसणारे पीक घ्यावे: झेंडू, किंवा जमिनीत इनकॉग्निटाच असल्याची खात्री असेल तर भुईमूग, जेथे पाणी उभे राहते तेथे भात, कारण चिखलाच्या खाचरात भाजीपाल्यावरचे गाठी सूत्रकृमी कमी होतात. त्यानंतरच आपल्याला हवा तो बाजारभावाचा साधा वाण घ्यावा, आणि पुन्हा प्रतिकारक वाणाकडे एक-दोन वर्षांनी वळावे. निंबोळी पेंड आणि एप्रिल-मेमध्ये ओलवलेल्या वाफ्यावर चार ते सहा आठवडे पारदर्शक पॉलिथिन अंथरणे हे याला चांगले पूरक आहेत, विशेषतः रोपवाटिकेत. रोपे विकत घेताना कोकोपीटच्या ट्रेमधील घ्यावीत आणि त्यातील एक-दोन तेथेच धुऊन पाहावीत. भाड्याचा रोटाव्हेटर शेतात शिरण्यापूर्वी त्याच्या पात्यांना चिकटलेली माती बांधाबाहेरच खरवडून काढायला सांगावी, यात संकोच करू नये.

शेवटच्या तोडणीनंतर झाडे वरून कापून मुळे जमिनीत सोडण्याची सवय मोडावी. वाण प्रतिकारक असले तरी मुळे खणून काढावीत, कडक उन्हात पसरून पूर्ण वाळवावीत, आणि ज्या पंधरा-वीस ठिकाणांहून पहिला नमुना घेतला होता त्याच ठिकाणांची माती नव्या पिकाच्या लागणीपूर्वी पुन्हा तपासणीस द्यावी.